दादाजी मळ्यात, सुवर्णा माडीवर

आमच्या घरात आवाज खालून यायचे. खाली किराणा दुकान आणि वर माडीवर आम्ही, त्यामुळे सकाळी डोळे उघडायच्या आधी शटर वर गेल्याचं कानाला कळायचं. मग पोती सरकवल्याचा, मापातून डाळ पिशवीत पडल्याचा, "शेठ, गूळ नवा हाय का?" असं पायरीवरून विचारणाऱ्याचा आवाज. रस्त्यापलीकडे एसटी स्टँड. तिथला कंट्रोलर माइकमधून गाड्यांची नावं घ्यायचा, आणि त्याचा आवाज इतका नाकातला होता की कुठली गाडी लागली ते आमच्या ओतूरच्या माणसाशिवाय कुणाला समजत नसे. या सगळ्या गलक्यात मी अभ्यास केला, झोपले, तापाने फणफणले. शांत घर कसं असतं ते मला माहीत नव्हतं. ते त्या वर्षी कळलं, साथ आली आणि स्टँडच्या फाटकाला साखळी लागली तेव्हा.

घरात आम्ही चौघं. मोठी बहीण लग्न होऊन नगरला गेलेली. पप्पा, मम्मी, मी आणि पप्पांचे वडील, म्हणजे दादाजी. दादाजींनी तरुणपणी लाल मिरचीचा घाऊक धंदा केला होता. त्या मिरचीचा खकाणा त्यांच्या छातीत कायमचा बसला आणि म्हातारपणी दमा होऊन वर आला. डॉक्टरांनी पप्पांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की ही साथ यांच्यापर्यंत पोचली तर मी काही करू शकणार नाही. दुकान तर बंद ठेवता येत नव्हतं. गावाला तेल-मीठ लागणारच. दिवसभर पप्पांसमोर माणसं उभी असायची, खडूने काढलेल्या गोलांत, पण उभीच. म्हणून पप्पांनी एके दिवशी आपली गादी गुंडाळली आणि दुकानामागच्या गोदामात नेली. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेले ते पावसाळा संपून थंडी आली तरी तिथेच.

गोदामामागे एक छोटं अंगण होतं. मम्मी मागच्या गॅलरीतून दोरीला बांधलेल्या पिशवीत डबा खाली सोडायची. आम्ही जैन, आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं आटपतात, म्हणून ऊन कललं की पप्पा खाली फरशीवर बसत आणि आम्ही तिघं वर कठड्यापाशी ताटं घेऊन. गट्ट्याची भाजी असली की ते मान वर करून म्हणायचे, "आज तिखट बरोबर पडलंय." एवढंच बोलणं. त्या काळातले पप्पा मला आठवतात ते असे, वरून दिसणारे. त्यांच्या टाळूवरचे केस विरळ होत चालले आहेत हे मला तेव्हा समजलं. समोरासमोर असताना कधी दिसलं नव्हतं.

माझी शाळा मोबाइलवर होती, आणि मोबाइल पप्पांचा. ते तो सकाळी पिशवीतून वर पाठवायचे, पण मालाचे फोन त्याच्यावरच यायचे. गणिताच्या बाई कंस सोडवत असताना मध्येच साखरेच्या व्यापाऱ्याचं नाव झळकायचं, मग मोबाइल पुन्हा दोरीवरून खाली. तो परत वर येईपर्यंत कंस सुटलेला असायचा. दिवस फार मोठे वाटत. मम्मी कामात, दादाजी खिडकीपाशी माळ घेऊन बसलेले. मी गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीवरच्या चिमट्यांना वर्गातल्या मुलींची नावं दिली होती. कडेची निळी सुवर्णा. तिला मी सगळं सांगायचे. हसू येण्यासारखं आहे, पण मी आठवीतली, चांगली कळती मुलगी होते, आणि खेळ म्हणून ते करत नव्हते. दुसरं कुणी नव्हतंच.

दिवाळीच्या थोडं आधी माझा घोडेगावचा मामा गेला. मम्मीचा एकुलता भाऊ. तहसील कचेरीजवळ त्याचं कापडाचं दुकान होतं, ते त्याने कधीचंच बंद ठेवलेलं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हता. तरी त्याला झालं. पुण्याला नेला आणि तिकडेच सगळं उरकलं. मम्मीला त्याचं तोंड बघायला मिळालं नाही. ती रडली असेल, पण मी पाहिलं नाही. मला आठवतं ते वेगळंच. तिने दाराच्या आतल्या बाजूला एक बादली ठेवली आणि वर येणारी प्रत्येक वस्तू, भाजी, दुधाची पिशवी, अगदी पप्पांनी पाठवलेला मोबाइलसुद्धा, पुसून घेतल्याशिवाय आत येऊ देईना. माझ्या केसांना तेल लावायच्या आधीही ती हात दोनदा साबणाने धुवायची.

अशात थंडीच्या दिवसांत बातमी आली की आमचे वर्ग भरणार. ज्यांचे आईवडील संमती लिहून देतील त्यांनी यायचं. आमच्या वर्गशिक्षिका, सगळ्या त्यांना पाटीलबाई म्हणत, दुकानात साबण घ्यायला आल्या आणि पप्पांना म्हणाल्या की लोक तयार होत नाहीत, तुम्ही जरा बोला, तुमचं ऐकतात. ते खरं होतं. किराणा दुकानात सगळं गाव येतं, आणि त्या दिवसांत जो येई तो हाच विषय काढी. पाठवावं का? पप्पा प्रत्येकाला सांगत, पाठवा, पोरं घरात बसून खराब होतायत. मी वर गॅलरीतून हे ऐकायचे. आणि रात्रीपर्यंत वाट बघायचे की माझ्याबद्दल कोण काय ठरवतं. आमच्या घरात त्यावर कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

तोंड उघडलं ते एकनाथभाऊंनी. एकनाथभाऊ म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, खऱ्या सुवर्णाचे वडील. कॅनॉलच्या पलीकडे उसाच्या आत त्यांचा मळा, कांदा आणि ऊस. त्यांच्या वडिलांपासूनचं आमचं गिऱ्हाईक. त्या दिवशी ते गोलात उभे राहून पप्पांचं बोलणं ऐकत होते. गर्दी सरल्यावर म्हणाले, "शेठ, तुमी समद्यांला सांगताय पाठवा म्हनून. मलाबी पटतंय. पर तुमची पोरगी कुठं जाती?"

पप्पांनी हातातलं माप खाली ठेवलं. मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. पोरगी बाहेर गेली की तिने माडीवर दादाजींजवळ राहायचं नाही. गोदामात माझ्याजवळ ठेवावी तर तिथे मीच दिवसभर गावाच्या श्वासात. कुठे ठेवू? एकनाथभाऊंचीही अडचण निघाली. खेड्यांच्या गाड्या अजून सुरू नव्हत्या. मळ्यातून पायी यायचं तर उसातून वाट, आणि बिबट्याने मागच्याच महिन्यात त्यांचं कुत्रं दारातून उचललं होतं. रोज गाडीवर सोडावं तर शेतीची लाईट दिवसा असते त्या आठवड्यात त्यांना मोटर चालू करून पिकाच्या पाण्यावर थांबावं लागे. मग एकनाथभाऊ हसत हसत म्हणाले, "आसं करा. बाबांना आमच्याकडं मळ्यात पाठवा. तिथं मानूस फिरकत न्हाय. अन् आमची सुवर्णा तुमच्याकडं ऱ्हाईल. दोघी जातील जोडीनं." पप्पाही हसले. बोलणं तिथेच संपलं असतं, पण पुढच्या गॅलरीत उन्हाला दादाजी बसले होते, आणि त्यांची छाती अधू असली तरी कान शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी जेवताना दादाजींनी विषय काढला. पप्पा खाली, आम्ही वर, सगळं नेहमीसारखं. ते म्हणाले की मी एकनाथच्या मळ्यात जातो. मम्मीच्या हातातली पोळी तशीच राहिली. तिने एकामागून एक कारणं दिली. ते लोक मटण खाणारे, घरभर कांदा-लसूण, तुमचं पथ्यपाणी कोण सांभाळणार. रात्री धाप लागली तर डॉक्टर कुठे. एकनाथभाऊ तरी बाजारात जातातच ना माल घेऊन. आणि गाव काय म्हणेल, सुनेनं म्हाताऱ्याला शेतात नेऊन टाकला. पप्पा खालून एवढंच म्हणाले की ती म्हणते ते चुकीचं नाही. दादाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरगी चिमट्यांशी बोलते," ते म्हणाले. "मी रोज ऐकतो."

मी मान खाली घातली. त्यांना माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. मम्मी म्हणाली, "आणि तुम्हाला काही झालं तर?"

"ते इथेही होईल, सूनबाई. तुझा भाऊ कुठे घराबाहेर पडला होता?"

हे बोलणं कठोर होतं, आणि दादाजी कठोर माणूस नव्हते. मम्मी उठून आत गेली. त्या दिवशी कुणाचंच जेवण पूर्ण झालं नाही. पण दोन दिवसांनी पप्पांनी संमतीचा कागद पिशवीतून वर पाठवला तेव्हा त्यावर त्यांची सही नव्हती; मम्मीनेच तसं सांगितलं होतं. तिने कागद ओट्यावर ठेवून स्वतः सही केली. म्हणाली, "काही झालं तर बोल माझ्याकडे राहू दे. यांनी आपल्या वडिलांच्या बाबतीत आयुष्यभर ते वागवू नये." मी आता त्या वेळच्या मम्मीपेक्षा वयाने मोठी आहे, मला मुलं आहेत, त्यांच्यासाठी मीही बरेच निर्णय घेतले. अशी सही मी एकदाही केलेली नाही.

एकनाथभाऊ पिकअप घेऊन आले. दादाजी पुढे बसले, पांढरं धोतर, गरम टोपी. मास्कची त्यांना अडचण कधी वाटली नाही. सामायिकाला, म्हणजे रोजच्या जपध्यानाला, बसताना तोंडावर मुहपत्तीची पट्टी बांधायची त्यांना जन्माची सवय होती. मम्मीने त्यांच्यासोबत नवी भांडी, मुगाची डाळ, खाकरे आणि औषधांचा डबा दिला. त्याच गाडीतून सुवर्णा उतरली होती. खांद्याला दप्तर, हातात कोथिंबिरीची जुडी आणि आमच्या जिन्याकडे बघत उभी. इतके महिने मी तिची वाट पाहिली होती, आणि ती दारात आल्यावर मी पहिल्यांदा बादली तिच्यापुढे सरकवली.

दादाजी नसल्यामुळे पप्पांना वर यायला हरकत उरली नाही. मम्मीने त्यांना अंगणात आंघोळ करायला लावली आणि वर घेतलं. ते माझ्याशेजारी जेवायला बसले तेव्हा मी अंग चोरून बसले. सवय गेली होती. सुवर्णाला आमची लवकर जेवायची पद्धत झेपेना. निजायच्या वेळी तिच्या पोटात भुकेचा आवाज यायचा आणि ती लाजून कूस बदलायची. मम्मीच्या ते लक्षात आलं. तिने काही न बोलता तिच्यासाठी थालीपीठ आणि दूध झाकून ठेवायला सुरुवात केली. सुवर्णाच्या आईने दिलेली लसणाची चटणी मात्र गॅलरीत राहायची, आणि सुवर्णा थालीपीठ घेऊन तिथे जाऊन खायची. थंडीत, शाल पांघरून, मजेत. मी दाराच्या आत बसून तिला सोबत करायचे.

शाळा सुरू झाली म्हणजे सगळं परत मिळेल असं मी धरून चालले होते. तसं झालं नाही. एवढ्या मोठ्या वर्गात आम्ही मूठभर. एका बाकावर एक, मध्ये एक बाक मोकळा. प्रार्थना नाही, खेळाचा तास नाही, डबा आपापल्या जागी बसून खायचा. पाटीलबाई मास्कमधून शिकवत आणि त्यांचा आवाज मागच्या भिंतीवर जाऊन परत येई, कारण अडवायला माणसंच नव्हती. सुवर्णा माझ्यापासून हाताच्या अंतरापलीकडे बसलेली असायची. घरी आलो की आम्ही दोघी पाठीला पाठ लावून अभ्यास करायचो, आणि मग माझं लक्ष खिडकीकडे जायचं. तिथे दादाजींची सतरंजी मम्मीने गुंडाळून ठेवली होती. घरात पुन्हा चार माणसं होती. तरी मला घर रिकामं वाटे, आणि ते कुणाला सांगता येत नसे, कारण माझ्यासाठीच तर हे केलं होतं.

रविवारी पप्पा आम्हाला मळ्यात न्यायचे. सुवर्णा आपल्या आईजवळ धावायची नाही, लांबूनच बोलायची. तशीच अट होती. मी बांधावर उभी राहून दादाजींना बघायचे. ते खाटेवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत असायचे, उन्हाने रापलेले, माझ्यापेक्षा बरे दिसणारे. ते आल्यापासून एकनाथभाऊंनी घरात मटण बंद ठेवलं होतं. दादाजींना ते कळल्यावर त्यांनीच करत जा म्हणून आग्रह धरला, आणि मग विहिरीपलीकडे चूल मांडायची असं ठरलं. दिवस मावळायच्या आत दादाजींचं ताट तयार ठेवायचं म्हणून सुवर्णाची आई, मंदाताई, रानातून लवकर घरी यायच्या. "बाबांमुळं मलाबी जरा बसाया मिळतं," असं त्या एकदा बांधाकडे बघून म्हणाल्या होत्या. एकनाथभाऊ संध्याकाळी दादाजींसमोर जमिनीवर बसत आणि जुन्या बाजाराच्या गोष्टी ऐकत. त्यांचे स्वतःचे वडील लवकर गेले होते.

उन्हाळा लागायच्या सुमाराला शाळा पुन्हा बंद झाली. जशी माणसं गेली होती तशी ती परतली. दादाजी वर, सुवर्णा मळ्यात, पप्पा गोदामात. आणि मग ते आठवडे आले ज्यांत रस्त्यावरून फक्त रुग्णवाहिका जायच्या. एकनाथभाऊंना ताप आल्याचं पप्पांना दुकानात कळलं. पप्पांनी शटर अर्धं ओढून घेतलं आणि दिवसभर फोन लावले, नारायणगावला, जुन्नरला, पुण्याला, ओळखीच्या प्रत्येक व्यापाऱ्याला. मी गॅलरीतून ऐकत होते. प्रत्येक फोनला तेच वाक्य, "पेशंट तरुण आहे हो, चाळिशीचा." बेड मिळाला, पण उशिरा मिळाला; एकनाथभाऊ त्यातून उठले नाहीत. त्यांना कुठून लागलं ते कुणालाच सांगता आलं नाही. मंदाताईंना लागण झाली नाही, सुवर्णाला नाही, कुणालाही नाही. फक्त त्यांनाच.

दादाजींनी ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. मम्मी त्यांच्यापाशी जाऊन बसली तेव्हा म्हणाले, "सगळी काळजी माझी केली. त्याची कुणी केली?" मम्मीने झाकलेलं ताट त्यांच्यासमोर सरकवलं. त्या वेळी आईबापांनी बरोबर केलं की चूक, हे पोरं मला विचारतात. मी सांगते की सगळ्यांनी जिवापाड विचार करून ठरवलं, आणि जे झालं ते त्या विचारात कुठेच नव्हतं. दादाजी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले.

पुढच्या वर्षी शाळा पुन्हा उघडली. या वेळी आमच्या घरात चर्चा झाली नाही. लस आली होती, मम्मीने सही केली आणि मी नववीत जाऊन बसले. सुवर्णा आली नाही. मी आठवडाभर वाट पाहिली, मग मम्मीच म्हणाली की चल, आपण जाऊन विचारू. तोपर्यंत एखाददुसरी एसटी सुरू झाली होती. फाट्यावर उतरून आम्ही उसातल्या वाटेने चालत गेलो.

मंदाताई पडवीत बसल्या होत्या. मम्मीने घरून ठरवून आणलेलं सगळं सांगितलं. सुवर्णाला आमच्याकडे ठेवा, माझ्या मुलीसारखी राहील, मागे राहिली तशीच. मंदाताईंनी पूर्ण ऐकून घेतलं. त्यांना राग आला नाही.

"ताई, तुमचं खरं हाय," त्या म्हणाल्या. "पर मला आता घरात मानूस पायजे. अंधार पडला की उसात सळसळ व्हती अन् मी दाराला काठी लावून बसते. ती व्हती म्हनून मी झोपले तरी. तिला पाठवली तर मी कुणाशी बोलू?"

मम्मी कधी कारणांना कमी पडली नाही. त्या दिवशी मात्र तिने मंदाताईंचा हात हातात घेतला. त्या आजारानंतर घराबाहेरच्या माणसाला तिने लावलेला तो पहिला हात.

सुवर्णा पुढे बाहेरून दहावीला बसली, पास झाली, पुढे मळाही तिनेच उभा केला. ते सगळं नंतरचं. त्या दिवशी ती आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आली. ती उंच झाली होती, हाताला कांद्याच्या पातीचा वास येत होता. फाट्यावर दगडाशी उभं राहिल्यावर तिने विचारलं, "विज्ञानात काय चाललंय?"

मी म्हणाले, आम्ल आणि आम्लारी. लिटमसचा कागद कशाने निळा होतो, कशाने लाल होतो, पाटीलबाईंनी काय करून दाखवलं, ते सांगायला लागले. ती मध्येच म्हणाली, "हळदीचा डाग साबनानं लाल व्हतो, तसलंच का?" मी म्हणाले, तसलंच. तिने मान हलवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी सांगत गेले. वळणावर एसटी दिसली. मी बोलायची थांबले आणि मम्मीकडे बघितलं. गाडी आमच्यापाशी हळू झाली, दार उघडलं.

मम्मीने ड्रायव्हरला हातानेच पुढे जायची खूण केली. गाडी गेली. ती पदर सावरून दगडावर बसली आणि मला म्हणाली, "थांबलीस का? सांग तिला पुढचं."